जुन्या कॉर्डलेस ड्रिलला कुठली बॅटरी चालेल आणि कुठला चार्जर

माळ्यावर पडलेला जुना कॉर्डलेस ड्रिल बहुतेक वेळा मोटर जळून बंद पडलेला नसतो, बॅटरी गेलेली असते. मग आपण स्टिकरवर १८ व्होल्ट वाचतो, ऑनलाइन १८ व्होल्टची बॅटरी शोधतो आणि जी स्वस्त दिसेल ती मागवून मोकळे होतो. पैसे पाण्यात जातात ते इथेच. व्होल्ट नंतर बघा, आधी आत सेल कसले आहेत ते बघा.

बॅटरी उलटी केली की खाली लिहिलेलं असतं, निकेल कॅडमियम (दुकानदार निकॅड म्हणतात), निकेल मेटल हायड्राइड किंवा लिथियम आयन. अक्षरं पुसली असतील तर वजनावरूनही अंदाज येतो, कारण निकॅडचा एक सेल १.२ व्होल्टचा, म्हणजे १८ व्होल्टच्या पॅकमध्ये १५ सेल, आणि लिथियमचा सेल ३.६ चा, तिथे पाचात काम होतं. हातात घेतल्यावर विटेसारखी लागली तर निकेलवाली (निकॅड किंवा मेटल हायड्राइड) धरून चाला.

आता चार्जर. ह्यात चूक केली तर नुसती बॅटरी जात नाही, आग लागू शकते. निकॅडचा जरा बरा चार्जर पॅक भरत आला की व्होल्टेज किंचित खाली येतं ते पकडतो, किंवा तापमान वाढलेलं बघतो, आणि साधे चार्जर तर नुसतेच थोडा थोडा करंट सोडत बसतात, निकॅड ते बिचारं सहन करतं. लिथियमला हे अजिबात चालत नाही, त्याला सेलमागे ४.२ व्होल्टला थांबायचं म्हणजे थांबायचंच. म्हणून निकॅडच्या चार्जरवर लिथियम पॅक कधीच लावू नका, खाचेत मस्त बसला तरी नाही. उदाहरणार्थ मकिटा कंपनीचा जुना डीसी१८०४ चार्जर बघा, त्याच्यावर ७.२ ते १८ व्होल्ट लिहिलंय, वाटतं सगळंच चालेल, पण तो फक्त निकेलवाल्या पॅकसाठी आहे. निकॅडच्या जुन्या चार्जरवर मेटल हायड्राइड लावलं तरी भानगड होते, त्यात शेवटी व्होल्टेज फारच थोडं खाली येतं, ते चार्जरला कळत नाही आणि पॅक तापत राहतो.

१८, २० आणि २१ ह्या आकड्यांना घाबरू नका. पाच लिथियम सेल, प्रत्येकी ३.६ धरले की १८, फुल चार्ज ४.२ धरले की २१, मधला गोल आकडा २०. डीवॉल्टचं अमेरिकेत २० व्होल्ट मॅक्स म्हणून विकलं जातं तेच युरोपात १८ व्होल्ट एक्सआर. तसंच बॉशच्या निळ्या टूल्समध्ये १०.८ आणि १२ एकच, जुन्या १०.८ च्या ड्रिलला नवीन १२ ची बॅटरी चालते. पण बॉशचं निळं आणि हिरवं वेगळं, १८ व्होल्टमध्ये एकाची बॅटरी दुसऱ्याला बसत नाही. आणि ते ८८ व्हीएफ, १२८ व्हीएफ लिहिलेले चायनीज पॅक? आत बहुतेक तेच पाच सेल, बाकी सगळं स्टिकर.

मकिटामध्ये अजून एक गंमत आहे. १८ व्होल्टची एलएक्सटी सिरीज २००५ पासून आहे, पण सुरुवातीच्या टूल्सवर स्टार मार्क नाही आणि बॅटरी बसते तिथला कनेक्टर पिवळा नाही. असं टूल असेल तर ३ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) बीएल१८३० चालते, ४ आणि ५ एएचवाली बसतच नाही, कारण नवीन बॅटरी ओव्हरलोड झाली की टूलला थांब म्हणून सिग्नल देते आणि जुन्या टूलला तो समजत नाही. काही लोक आतली प्लास्टिकची पट्टी तासून बसवतात, मी तरी सांगणार नाही. मकिटाचीच ‘जी’ (G) नावाची सिरीज तर पूर्ण वेगळी आहे, १८ व्होल्ट लिहिलेलं असलं तरी एलएक्सटीची बॅटरी तिला होत नाही आणि चार्जरही वेगळा, सेकंडहँड घेताना हे पहिलं विचारा.

डीवॉल्टच्या जुन्या, दांड्यात घुसणाऱ्या १८ व्होल्टवाल्यांना कंपनीचाच डीसीए१८२० अडॅप्टर आहे, त्याने २० व्होल्ट मॅक्सची बॅटरी लागते. फक्त काम झालं की बॅटरी अडॅप्टरमधून काढून ठेवा, नाहीतर उतरत जाते, आणि चार्जिंग लिथियमच्या चार्जरवरच. अमेरिकेत राहणाऱ्यांकडे रियोबी असेल तर नशीबवान, १९९६ पासूनच्या वन प्लस टूल्सना आजची लिथियम बॅटरी बसते, चार्जर मात्र तिथेही जुना निकॅडवाला नको.

अमेरिकेवरून आठवलं, मामा किंवा दादा तिकडून ड्रिलचा सेट आणतो तेव्हा टूल आणि बॅटरी इथे चालतात, प्रश्न चार्जरचा असतो. इनपुट १००-२४० लिहिलं असेल तर फक्त पिन बदला. १२० च लिहिलं असेल तर ट्रॅव्हल अडॅप्टर लावून २३० मध्ये खुपसू नका, तो व्होल्टेज कमी करत नाही, चार्जर तिथल्या तिथे उडेल. स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, चार्जरवर इनपुटसमोर लिहिलेल्या अँपिअरला १२० ने गुणा आणि त्याच्या दीडपट वॅटचा तरी घ्या. त्यापेक्षा त्याच सिरीजचा २३० वाला चार्जर इथेच मिळत असेल तर तो बरा. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच, १८ व्होल्ट ५ एएच म्हणजे ९० वॅट अवर, १०० च्या आत असल्याने चालतं, ६ एएचला एअरलाइनला विचारावं लागतं.

नवी बॅटरी मिळतच नसेल तर रिपॅक करून घ्या, म्हणजे कव्हर तेच, आतले सेल नवीन. निकॅडच्या जागी निकॅडच टाकायला सांगा म्हणजे जुना चार्जर चालू राहतो, आणि सेल स्पॉट वेल्डिंगनेच जोडायला सांगा, सोल्डरच्या उष्णतेने सेल खराब होतात. काढलेले सेल परत मागून घ्या आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, त्यात कॅडमियम असतं, घंटागाडीत टाकायची वस्तू नाही ती.