छत्री मोठी घेतली तरी प्रकाश कडकच? या चुका टाळा

फ्लॅशचा उजेड पसरवून मऊ करायला, म्हणजे फोटोतल्या सावल्यांच्या कडा विरघळवायला, फोटोग्राफर छत्री लावतात. "प्रकाश मऊ येत नाहीये, कुठली छत्री घेऊ?" असं विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा एक चांगली छत्री आधीच असते. ती चेहऱ्यापासून चार मीटर दूर उभी असते, एवढंच.

प्रकाश किती मऊ येणार हे चेहऱ्याच्या जागेवरून छत्री केवढी दिसते यावर ठरतं. एक मीटरची छत्री चार मीटरवर नेलीत, की ती एक मीटरवर ठेवलेल्या २५ सेंटीमीटरच्या छत्रीएवढी झाली. नाकाची सावली मग टोकदारच पडणार. शिवाय अंतर चौपट झालं की प्रकाश सोळाव्या हिश्शावर येतो. जवळून १/१६ पॉवरवर मजेत चालणारा फ्लॅश तिथून फुल पॉवरवर धापा टाकतो, आणि खापर फुटतं बॅटरीवर. मी काय करतो, छत्री आधी फ्रेममध्ये दिसेल इतकी जवळ आणतो आणि फ्रेमबाहेर जाईल इतकीच मागे घेतो. टेप लावून मोजत बसत नाही. ग्रुप असेल तर मात्र मागे जावंच लागतं, नाहीतर छत्रीजवळचा माणूस पांढरा आणि पलीकडचा काळवंडलेला. मोठी छत्री खरी उपयोगी पडते ती तिथे.

दुसरी चूक फ्लॅशच्या झूमची, म्हणजे उजेडाचा झोत ठरवणाऱ्या आकड्याची (आकडा मोठा, झोत अरुंद). हिच्यापायी लोक किती पैसे घालवतात! ओळखीतला एक मुलगा ६० इंची छत्री घेऊन आला. तक्रार एकच, "४३ इंचीपेक्षा काहीच फरक नाही." आता त्याला सात फुटी हवी होती. त्याला म्हटलं, आधी चेहऱ्याचा नाद सोड आणि छत्रीचाच फोटो काढ. पॉवर कमी, अॅपर्चर एफ १६, म्हणजे लेन्सचं भोक अगदी लहान. स्क्रीनवर काय दिसावं? मध्यभागी वीतभर पांढराफटक गोळा, आणि बाकी सगळं कापड करडं. मागे कधीतरी दूरवर प्रकाश फेकायला त्याने फ्लॅशचा झूम १०५ वर ठेवला होता, तो तसाच राहिलेला. ६० इंचांचे पैसे मोजून गडी वीतभर छत्री वापरत होता. झूम २४ वर आणला, फ्लॅश दांड्यावर थोडा मागे सरकवला, आणि कापड कडेपर्यंत उजळलं. सात फुटी छत्रीचा विषय तिथेच संपला. नवीन छत्री हातात आली की मी असा एक फोटो आधी काढतोच. त्यात उजेड वरच्या कडेला सरकलेला दिसला तर ब्रॅकेट, म्हणजे फ्लॅश आणि छत्री स्टँडवर धरणारा तुकडा, बघा. दांड्याचं भोक मुद्दाम किंचित तिरपं असतं. दांडा उलट बाजूने घातला की फ्लॅशचा नेम चुकतो.

लहान खोलीत शूट-थ्रू छत्री, म्हणजे जिच्या कापडातून उजेड आरपार जातो ती, जपून वापरा. तिच्या कापडातून काही प्रकाश पुढे जातो, पण बराचसा मागेही उधळतो, भिंतींवर आपटून परत येतो आणि सावल्या भरून काढतो. भिंत हिरवी असेल तर गालही हिरवट. मग एडिटिंगमध्ये त्वचेचा रंग सुधारत रात्र काढायची. त्यापेक्षा काळ्या पाठीची रिफ्लेक्टिव्ह, म्हणजे आतल्या बाजूने उजेड परतवणारी, छत्री लावा. पार्श्वभूमी गडदच ठेवायची असेल तर ग्रिडवाला सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड बाजूला पसरू न देणारी जाळी लावलेली कापडी पेटी. शूट-थ्रूची बाजू घ्यायची तर ती चेहऱ्याच्या अगदी जवळ नेता येते. रिफ्लेक्टिव्हचा दांडा मध्ये येतो आणि कुणाच्या तरी डोळ्यात जायची भीती.

चंदेरी छत्री जास्त प्रकाश देते म्हणून सरसकट घेऊ नका. घामेजलेल्या कपाळावर ती निर्दयपणे चमकते. माझ्याकडे पांढरीच जास्त चालते.

फ्लॅशच्या डोक्यावर बसवायची प्लॅस्टिकची टोपी उघड्या मैदानात लावणाऱ्यांपुढे मी हात टेकले आहेत. ती चालते ती छत आणि भिंतींवरून परतणाऱ्या उजेडाच्या जोरावर. मैदानात परतवणारं काहीच नाही, त्यामुळे फक्त पॉवर वाया जाते.

चष्म्यात छत्री दिसतेय? स्टँड वर घ्या आणि बाजूला सरका. आधी चष्मा काढायला सांगू नका.

वाऱ्यात वाळूच्या पिशवीशिवाय छत्री उघडू नका. पिशवी नसेल तर कुणा रिकाम्या माणसाला स्टँड धरायला उभं करा, आणि त्याला मोबाइल खिशात ठेवायला सांगा.