केमोथेरपीपूर्वी पुरुषाने प्रजननक्षमतेसाठी करावयाची तयारी
केमोथेरपी ठरली की घरात आधी खर्चाची आणि बांबोळीला, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, सोबत कोण जाणार याची चर्चा होते. पुढे मूल हवे आहे का, हा प्रश्न संकोचापोटी मागे पडतो. तो रुग्णाने पहिल्या डोसच्या आधीच कर्करोगतज्ज्ञांपुढे मांडावा आणि आपल्याला मिळणाऱ्या औषधांची नावे लिहून घ्यावीत, कारण सायक्लोफॉस्फमाइड, प्रोकार्बाझिन, बुसल्फान यांसारखी औषधे शुक्राणू निर्माण करणाऱ्या मूळ पेशींनाच इजा करतात आणि एकूण मात्रा वाढेल तसा धोका वाढत जातो.

त्यानंतर शुक्राणू गोठवून ठेवावेत. संपूर्ण तयारीत याच्या तोडीचे दुसरे काही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२१ च्या साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायद्याखाली नोंदणी झालेलीच शुक्राणू बँक निवडावी. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी आणि सिफिलिस यांच्या तपासण्या करून घ्याव्यात आणि वेळ असेल तर दोन-तीन दिवसांच्या लैंगिक संयमानंतर नमुना द्यावा. नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचायला हवा, म्हणून काणकोण किंवा सत्तरीसारख्या दूरच्या तालुक्यातून येणाऱ्याने तो घरून न आणता केंद्रातच द्यावा. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्ट्या जवळ असतील तर प्रयोगशाळा कधी उघडी आहे हे आधी फोन करून विचारावे. हॉजकिन लिंफोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) किंवा वृषणाच्या कर्करोगात उपचारापूर्वीच शुक्राणूंची संख्या कमी आढळू शकते. तरीही नमुना जपावाच, कारण शुक्राणू थेट बीजांडात टोचण्याच्या इक्सी पद्धतीत एका बीजांडासाठी एकच शुक्राणू लागतो.

अँटिऑक्सिडंट गोळ्यांचा विचार याच्यानंतरच करावा. केमोमुळे वृषणात मुक्त कण (फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) वाढतात आणि शुक्राणूच्या आवरणातील मेद त्यांना सहज बळी पडतो, त्यामुळे मूळ कल्पनेत तथ्य आहे. क आणि ई जीवनसत्त्व, सेलेनियम, लायकोपीन, मेलाटोनिन, एन-ॲसिटिलसिस्टीन यांचे उंदरांवरील प्रयोगांत चांगले परिणाम दिसले आहेत. मात्र केमो घेणाऱ्या पुरुषांची प्रजननक्षमता त्यांनी टिकते, हे सिद्ध झालेले नाही. शिवाय काही औषधे याच मुक्त कणांच्या साहाय्याने कर्करोगाच्या पेशी मारतात, त्यामुळे मोठ्या मात्रेतील गोळी गाठीलाच संरक्षण देईल अशी रास्त भीती आहे. म्हणून घरातील सर्व गोळ्या, चूर्णे आणि काढे पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावेत, आणि त्यांनी थांबवायला सांगितलेले खरोखरच थांबवावे. नेहमीच्या जेवणातले आवळा, पेरू किंवा सोलकढी यांची गोष्ट वेगळी. केमोमुळे रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झाल्यावर कच्चे काय टाळायचे, एवढे विचारून घ्यावे.

पहिल्या डोसपासून निरोध वापरावा. शुक्राणू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात, आणि या काळात इजा झालेल्या शुक्राणूंतून गर्भधारणा होऊ नये म्हणून उपचार संपल्यावरही डॉक्टर सांगतील तितका काळ, बहुधा किमान वर्षभर, थांबावे लागते. पुढील वीर्यतपासणीची तारीख फाइलमध्ये आताच नोंदवावी. बँकेची वार्षिक फी भरणे आणि पत्ता किंवा फोन बदलल्यास तो कळवणे, हे काम घरातल्या एका माणसाकडे नेमून सोपवावे.