क्लँग-फॉरमॅटला पॉइंटर गुणाकार वाटतो तेव्हा काय करायचं

ठिबकच्या कंट्रोलरचं सी प्लस प्लसमधलं फर्मवेअर मी भुसावळला घरूनच लिहितो, आणि आमच्या ग्रुपवर दोन-तीन जण एकच गोष्ट विचारून राहिले, की सेव्ह केलं की क्लँग-फॉरमॅट (कोडची मांडणी आपोआप नीट करणारा फॉरमॅटर) मध्येच कुठेतरी चांदणीच्या (*) दोन्ही बाजूंना स्पेस का टाकतो. तर सगळं एकदाच लिहून टाकतो. (उदाहरणातली नावं देवनागरीत आहेत, कोडमध्ये ती इंग्रजीतच असतात.)

हे बघा: बनव(व्हॉल्व्ह *नवा). बनव हा मॅक्रो आहे (कंपाइल होण्याआधी कोडमध्ये उलगडणारं नाव), व्हॉल्व्ह हा टाइप, आणि चांदणी सांगते की नवा हा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता ठेवणारा व्हेरिएबल. फॉरमॅटर याचं करतो बनव(व्हॉल्व्ह * नवा), म्हणजे त्याला वाटलं दोन व्हेरिएबलचा गुणाकार चाललाय. त्याचाही दोष नाही भो. रावेरला कोणी म्हणालं "केळी कापली", तर घड उतरवून ट्रकमध्ये भरले हे पोराटोरालाही कळतं, तेच मी पुण्याच्या रूममेटला सांगितलं तर तो विचारतो शिकरण करतोय का. कंपायलरला व्हॉल्व्ह काय आहे ते माहीत असतं कारण त्याने हेडर (टाइप जिथे जाहीर केलेले असतात ती फाइल) वाचलेलं असतं, फॉरमॅटर हेडर उघडतच नाही, तो फक्त समोरच्या फाइलमधले टोकन (सुटे शब्द आणि चिन्हं) बघतो आणि आजूबाजूवरून अंदाज लावतो.

आधी खात्री करा की खरंच चुकीचं वाचलंय. क्लँग-फॉरमॅटच्या कॉन्फिग फाइलमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) पॉइंटर-अलाइनमेंट राइट ठेवा आणि डिराइव्ह-पॉइंटर-अलाइनमेंट फॉल्स करा. हे दुसरं लोक हमखास विसरतात, ते ट्रू असलं की फॉरमॅटर फाइलमध्ये जी पद्धत जास्त वेळा दिसते तीच उचलतो (जुन्या व्हर्जनच्या गूगल स्टाइलमध्ये ते ट्रूच असायचं), मग चांदणी एका फाइलमध्ये डावीकडे आणि दुसरीत उजवीकडे जाते आणि आपण उगाच पार्सरला शिव्या घालत बसतो. मी स्वतः यात एक अख्खी दुपार घालवलीय, मे महिन्यातली, लाइट नसताना. नक्की कोणती सेटिंग लागू आहे ते क्लँग-फॉरमॅटला डंप-कॉन्फिग हा पर्याय दिला की सगळं छापून येतं.

मग क्लँग-फॉरमॅटचं व्हर्जन बघा. 17 किंवा पुढचं असेल तर काम सोपं आहे, त्यात टाइपनेम्स नावाचा ऑप्शन आलाय. कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ टाका, टाइपनेम्स: [व्हॉल्व्ह, मोटर], की या नावांपुढची चांदणी किंवा अँपरसँड (&) तो पॉइंटर-रेफरन्स धरतो. जिथे अडतंय तेवढीच नावं द्या, सगळ्या हेडरची यादी नको. आणि तुमचा मॅक्रोच लूपसारखा वापरला जात असेल तर त्याचं नाव फॉरईच-मॅक्रोजमध्ये, मॅक्रोतूनच टाइप तयार होत असेल तर टाइपनेम-मॅक्रोजमध्ये.

व्हर्जन जुनं असेल आणि बदलता येत नसेल तर त्या ओळीच्या वर क्लँग-फॉरमॅट ऑफ आणि खाली ऑन अशी कमेंट टाका. ऑन विसरू नका, नाहीतर तिथून खाली फाइल संपेपर्यंत काहीच फॉरमॅट होत नाही, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

एवढं करूनही चुकत असेल तर सोर्समध्ये हात घालावा लागतो. एलएलव्हीएम (क्लँग-फॉरमॅट ज्याचा भाग आहे तो प्रकल्प) याच्या रेपोमध्ये, म्हणजे कोडच्या साठ्यात, टोकन-ॲनोटेटर नावाची फाइल आहे, त्यात डिटरमाइन-स्टार-अँप-युसेज हे फंक्शन, चांदणी बायनरी ऑपरेटर (म्हणजे गुणाकार) की पॉइंटर हा निर्णय तिथेच होतो. पण थेट अट घुसवू नका, आधी तुमची ओळ टोकन-ॲनोटेटर-टेस्टमध्ये टाकून ती फेल होते ते बघा, मग बदल करा, मग फॉरमॅट-टेस्ट्स पूर्ण बिल्ड करून चालवा. तुमची ओळ सुधारते आणि तिकडे कोणाचा तरी खरा गुणाकार पॉइंटर होऊन बसतो, असं होतंच, कारण नुसत्या टोकनवरून काही ओळींचा निकाल लागूच शकत नाही. तसं झालं तर पॅच सोडा आणि टाइपनेम्सवर परत या.

शेवटी तुमच्या अख्ख्या रेपोवर एकदम फिरवू नका, गिट क्लँग-फॉरमॅट वापरा म्हणजे बदललेल्या ओळीच हलतील. त्याच फाइलवर दुसऱ्यांदा चालवून बघा, तेव्हा डिफ (बदललेल्या ओळींची यादी) रिकामा आला पाहिजे.