कोकणातील बेने इस्रायल प्रार्थनागृहाची छायाचित्रनोंद कशी करावी

रायगड जिल्ह्यात अलिबाग, रेवदंडा, पेण आणि पनवेल येथे बेने इस्रायल या यहुदी समाजाची जुनी प्रार्थनागृहे, म्हणजे सिनेगॉग, आहेत. 1948 मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यानंतर या मराठीभाषक समाजातील बहुतेक कुटुंबे तिकडे गेली, काही मुंबई-ठाण्यात स्थिरावली, आणि गावी मोजकी, बहुधा वयस्कर माणसे उरली. त्यांची नोंद करायची असेल, तर पहिल्या दोन-तीन भेटींत कॅमेरा पिशवीतच ठेवावा.

शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, असतो आणि त्या काळात छायाचित्रे काढू नयेत. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून कोकणाने ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले, त्यांच्या दारी हा नियम मोडणे अक्षम्य आहे. शब्बाथच्या प्रार्थनेला परवानगी घेऊन केवळ बसावे आणि जे पाहिले-ऐकले ते रात्री घरी येऊन लिहून काढावे. छायाचित्रणासाठी इतर दिवशीची प्रार्थना, साफसफाई किंवा एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने होणारा मलिदा हा नैवेद्याचा विधी निवडावा. गोड पोहे, खोबरे आणि फळे ताटात मांडणारे हात मला कोणत्याही औपचारिक समूहचित्रापेक्षा अधिक बोलके वाटतात.

सामुदायिक प्रार्थनेसाठी दहा प्रौढ पुरुष लागतात. यालाच मिन्यान म्हणतात. संख्या भरत नसेल, तर दाराकडे वळणाऱ्या नजरा टिपाव्यात, पण अवघडलेल्या माणसाच्या चेहऱ्याजवळ कॅमेरा नेऊ नये.

रिकाम्या बाकांचे चित्र कोणीही काढू शकतो, परंतु त्या बाकावर कोण बसत असे हे सांगणारी माणसे फार काळ असणार नाहीत. म्हणून एखाद्या ज्येष्ठांना सोबत घेऊन एकेका जागेपाशी थांबावे, त्यांची संमती घेऊन बोलणे ध्वनिमुद्रित करावे आणि जागेला क्रमांक देऊन तोच क्रमांक चित्राला व ध्वनिफितीला द्यावा. नंतर त्यांच्या नेहमीच्या जागी बसून, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून, तेब्याच्या म्हणजे प्रार्थना चालवण्याच्या चौथऱ्याच्या दिशेने एक चित्र घ्यावे. आयुष्यभर त्यांना जे दिसत आले, ते त्यात येते.

आत फ्लॅश वापरू नये. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, 1600 ते 3200 पर्यंत वाढवावा आणि वृद्धांचे हात थरथरतात हे लक्षात घेऊन शटरचा वेग 1/125 सेकंदापेक्षा मंद ठेवू नये.

दफनभूमीतील शिळांवर हिब्रू आणि मराठी अक्षरे शेजारी-शेजारी आढळतात. ती उठून दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळल्यास दगडाची हानी होते. त्याऐवजी सकाळच्या तिरप्या उन्हात जावे किंवा आरशाने बाजूने प्रकाश टाकावा.

प्रत्येक चित्राखाली दिनांक, व्यक्तीचे नाव आणि आडनाव ज्या गावावरून आले ते गाव लिहावे, कारण पेणकर, दिवेकर, नवगावकर या आडनावांतच कुटुंबाचे मूळ नोंदलेले असते. ‘शेवटचे यहुदी’ असा मथळा मात्र देऊ नये. ज्यांचे चित्र आहे, तेही तो वाचणार आहेत. 2008 मध्ये मुंबईतील नरिमन हाउस या यहुदी केंद्रावर झालेला हल्ला लक्षात ठेवून प्रवेशद्वाराची सुरक्षाव्यवस्था आणि प्रार्थनेच्या वेळा प्रसिद्ध करणे टाळावे. चित्रांच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्यांतील एक दुसऱ्या गावी. आणि छापील संच सर्वांत आधी त्या मंडळींच्या हाती द्यावा.