वाटेवरच्या कळपात जंत पसरतो तो याच चुकांमुळे

पावसाळ्यात ई-क्लासवर, म्हणजे गावाच्या सरकारी चराईच्या जमिनीवर, मेंढ्यांचे कळप उतरतात आणि दरवर्षी तेच बघावं लागतं: जबड्याखाली लोंबती सूज, मागे रेंगाळणारी जनावरं, आणि मेंढपाळाच्या हातात कुणीतरी सांगितलेलं भलतंच औषध.

पहिली चूक, सूज दिसली की घटसर्प, म्हणजे जनावरांचा गळा सुजवणारा तापाचा रोग, समजणं. यवतमाळकडे नाल्याकाठी उतरलेल्या एका कळपात मेंढ्या मरत होत्या. "घटसर्पच हाये जी, सुई मारून द्या," एवढंच मालक म्हणत होता. आधीच कुणीतरी सुया टोचून पैसे घेऊन गेला होता. मी सूज दाबून पाहिली. थंड, मऊ, मेंढी दुखल्यासारखं करेना. घटसर्पाची सूज गरम असते, अंगात सणसणीत ताप असतो. ही मात्र दिवसभर मान खाली घालून चरल्यावर वाढायची आणि रात्रीतून ओसरायची. डोळ्याची खालची पापणी उलटवली तर पांढरीफटक. मेलेली मेंढी फाडली, पोटाच्या चौथ्या कप्प्यात लाल-पांढऱ्या पिळाचे बारीक जंत वळवळत होते. हा हिमाँकस. एक जंत दिवसाला ०.०५ मिली रक्त पितो. हजार जंत म्हणजे ५० मिली. तोवर मागून आलेला दुसरा कळप त्याच नाल्याकाठी बसलाही होता.

खरी साथ इथून पसरते. मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी घालते. ती लेंडीतून पडतात, ओल्या उबेत आठवडाभरात अळ्या गवतावर चढतात आणि पुढे कित्येक आठवडे तिथेच राहतात. म्हणून पावसाळ्यात एका मुक्कामी चार-पाच दिवसांवर थांबू नये, आणि उतरण्याआधी गावात विचारावं, इथं आधी कोण बसून गेलं? हे विचारायला पाच मिनिटं लागतात, तरी कुणी विचारत नाही.

दुसरी चूक, जंताचं औषध अंदाजाने पाजणं. नव्या पोरांना घाई फार. बाटलीच्या झाकणाने सगळ्यांना सारखंच. कमी डोस पडला की चिवट जंत तेवढे उरतात आणि पुढच्या वेळी औषधच चालत नाही. मी काटा टांगून गटातली सर्वांत जड मेंढी तोलतो आणि तिच्या वजनाने गटाचा डोस ठरवतो. वयाने, अंगाने सारख्या मेंढ्यांचाच गट करतो. पापणी लाल असलेल्या धडधाकट मेंढीला सहसा पाजतच नाही. मात्र पाजताना मान उंच ताणू नका, औषध फुप्फुसात जातं.

नुकत्याच फळलेल्या (गाभण राहिलेल्या) मेंढीला अल्बेंडाझोल हे जंताचं औषध नको.

बाजारातून आणलेली मेंढी औषध पाजून दोन दिवस वेगळी बांधा, लगेच वाघरीत, म्हणजे कळपाच्या जाळीच्या कुंपणात, सोडू नका.

मेलेल्या मेंढीचं डोकं कुत्र्यांपुढे टाकू नका. मेंदूत जंताची गाठ असली आणि ती कुत्र्याच्या पोटात गेली की तिथे पट्टकृमी होतो, त्याची अंडी गवतावर पडतात आणि पुढची मेंढी गोल गोल फिरून मरते. डोकं खोल पुरा आणि राखणीच्या कुत्र्यांनाही डॉक्टरांना विचारून जंताचं औषध द्या.