‘किमान दोन महिला’ असलेल्या समितीची संभाव्यता १ पेक्षा जास्त येत होती: माझा अनुभव

गणित असे होते: ६ महिला आणि ४ पुरुष यांच्यातून चार जणांची समिती यादृच्छिकपणे निवडल्यास तिच्यात किमान दोन महिला असण्याची संभाव्यता किती? मी ६ मधून २ महिला निवडल्या (१५ प्रकार), उरलेल्या ८ जणांतून कोणतेही २ निवडले (२८ प्रकार) आणि गुणाकार ४२० आला. एकूण समित्या मात्र २१०च असल्याने संभाव्यता २ येत होती, जे अशक्य आहे. मग क्रम धरून मोजले, तर १६८० (६ × ५ × ८ × ७) भागिले ५०४० (१० × ९ × ८ × ७), म्हणजे १/३ आले; पण ती पहिल्या दोन्ही निवडी महिलांच्याच असण्याची संभाव्यता होती. दोन संध्याकाळी यात गेल्या आणि फार चिडचिड झाली.

खरी चूक अशी की, तीन महिला असलेली एकच समिती, त्यांतील कोणत्या दोघींना ‘आधी’ निवडले यानुसार, तीनदा मोजली जात होती आणि चारही महिला असलेली सहादा.

म्हणून प्रथम महिलांची नेमकी संख्या ठरवावी, मग प्रत्येक संख्येसाठी स्वतंत्र समचय (क्रम न धरता निवडीचे प्रकार) काढावेत आणि शेवटी बेरीज करावी. दोन महिला व दोन पुरुष: १५ × ६ = ९०; तीन महिला व एक पुरुष: २० × ४ = ८०; चारही महिला: १५. बेरीज १८५, म्हणून संभाव्यता १८५/२१० = ३७/४२, सुमारे ०.८८.

पडताळा उलट बाजूने घ्यावा: एकही महिला नसलेली समिती १, एकच महिला असलेल्या ६ × ४ = २४, आणि २१० − २५ = १८५. माझे जुने ४२०सुद्धा यातून उलगडते: ९० × १ + ८० × ३ + १५ × ६.