रंगकामाआधी क्रुसावरची अक्षरं वाचा

कापूस वेचणीच्या दिवसांतच गावोगावच्या चर्चमध्ये नाताळाची रंगरंगोटी निघते. तालुक्याहून आलेला पेंटर पुसट अक्षरं दिसतील तशी गिरवतो आणि पुढचा पेंटर तीच चूक पक्की करतो. म्हणून खरवडण्याआधी प्रत्येक अक्षराचा समोरून, शेजारी फूटपट्टी धरून फोटो काढा आणि ट्रेसिंग पेपरवर छाप घ्या.

क्रुसाच्या माथ्यावरच्या पाटीवर ‘आय, एन, आर, आय’ ही चार अक्षरं असतात. लॅटिनमधल्या ‘नासोरी येशू, यहूद्यांचा राजा’ या शब्दांची ती आद्याक्षरं. ही पाटी रोमी सुभेदार पिलाताने हिब्रू, लॅटिन आणि ग्रीकमध्ये लावली, असं बायबलमधल्या योहान 19:19-20 मध्ये आहे. लॅटिनमध्ये तेव्हा ‘जे’ वेगळा नव्हता, म्हणून येशूचं नाव ‘आय’ने सुरू होतं. त्याचा ‘जे’ करू नका, एकचा आकडा तर मुळीच नाही.

सगळ्यात जास्त घोळ वेदीवरच्या ‘आय, एच, एस’चा होतो. ही इंग्रजी आद्याक्षरं नाहीत, ग्रीकमधल्या येशूच्या नावाची पहिली तीन अक्षरं आहेत: इओटा, ईटा, सिग्मा. मधलं ‘एच’सारखं दिसणारं अक्षर ‘ई’ आहे. काही ठिकाणी शेवटी ‘सी’ दिसतो. तीही सिग्माचीच जुनी घडण आहे, पेंटरची चूक समजून सुधारायला जाऊ नका. फुलीवर उभा ‘पी’ असेल तर ‘खी’ आणि ‘ऱ्हो’, म्हणजे ख्रिस्त. तो ‘पी’ इथे ‘र’ आहे.

ग्रीक वर्णमालेतलं पहिलं अक्षर आल्फा डावीकडे, शेवटचं ओमेगा उजवीकडे: आदि आणि अंत, बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकातले शब्द. मोठा ओमेगा घोड्याच्या नालेसारखा, तोंड खाली. काही ठिकाणी तो ‘डब्ल्यू’सारखा, तोंड वर असलेला दिसतो. तीही ओमेगाचीच घडण आहे, उलटी करू नका.

पुलपिटवर, म्हणजे प्रवचनाच्या उंच कट्ट्यावर, चार आकृत्या असतील तर त्या शुभवर्तमान लिहिणाऱ्या चौघांच्या खुणा: मत्तय माणूस, मार्क सिंह, लूक बैल, योहान गरुड. पहिल्या तिघांनाही पंख हवेतच. पंख पुसले की तो पोळ्याचा बैल होतो, लूक राहत नाही. किल्ल्या दिसल्या तर त्या येशूचा शिष्य पेत्र याच्या.

कामठीसारख्या जुन्या छावणीच्या कबरस्तानातले दगड वाचायचे तर सकाळचं तिरपं ऊन गाठा, किंवा अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला बाजूने लावा. समोरून उजेड पडला की कोरीव काम सपाट दिसतं. शिशाची अक्षरं गळून पडली असतील तर त्यांना धरून ठेवणारी बारीक भोकं मोजा, त्यावरून अक्षराचा आकार कळतो. ‘आर, आय, पी’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘शांतीने विसावो’. ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरलेला दिसला तर तो जुन्या लॅटिनचा रिवाज आहे.

धुताना साधं पाणी आणि मऊ ब्रश. ॲसिडने संगमरवर विरघळतो, तारेच्या ब्रशने कडा जातात. ऑइलपेंटखाली ओल कोंडते आणि पोपडे सुटताना त्यांच्यासोबत दगडाचं अक्षरही निघतं.